जिन्यातला सर्व्हर आणि अस्वलाचे शेरे

दादा आणि बाळ या दोघा भावांचं बोलणं बंद झालं ते एका अस्वलावरून, आणि तेही खऱ्या नव्हे, कापसाच्या.

त्यांचं नाटकाचे पोशाख भाड्याने द्यायचं दुकान होतं. आईने सुरू केलेलं, दुमजली. खालच्या मजल्यावर दादा: टोप्या, जोडे, लाकडी तलवारी आणि प्राण्यांची डोकी. वरच्या मजल्यावर बाळ: झगे, कोट आणि प्राण्यांची अंगं. बाळ पंचावन्न वर्षांचा होता, त्याला टक्कल पडलं होतं, नातवंडही झालं होतं. पण लहानपणी एकदा बाळ म्हटलं की माणूस जन्मभर बाळच राहतो. सात महिन्यांपूर्वी एका नाटकाला अस्वल पाठवायचं होतं, तर गेलं नुसतं अंग. डोकं खाली फळीवरच राहिलं. नट बिचारा मानेपर्यंत अस्वल आणि वर चष्मा अशा अवतारात रंगमंचावर आला आणि गुरगुरला. प्रेक्षकांना वाटलं, याला थंडी फार वाजते.

दादा म्हणाला, डोकं मागायला वरून कुणी आलंच नाही. बाळ म्हणाला, मागायला कशाला लागतं, खालच्याला कळायला नको? दोघांनी एकमेकांच्या नावाने खापर फोडलं आणि तोंडाला कुलूप लावलं. त्यानंतर जे काही बोलायचं ते "त्याला सांग" म्हणून. सांगायचं कुणी? तर ताईने.

ताई दोघांची थोरली बहीण, त्रेसष्ट वर्षांची. ग्रंथालयातून निवृत्त झालेली, आणि स्वभावाने जरा तिखटच. दिवसातून वीस वेळा ती जिना चढायची आणि वीस वेळा उतरायची. "त्याला सांग, टोप्या धूळ खातायत." "त्याला सांग, टोप्यांनी धूळ खाल्ली तर त्याला काय त्रास होतो?" असले निरोप पोचवताना तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तरी तिने ते पोचवले. पण एक दिवस दादा म्हणाला, "त्याला सांग, सुताराला बोलावलंय. पुढच्या महिन्यात, तिसऱ्या सोमवारी. जिन्याच्या तोंडाला फळ्यांची भिंत घालायची आणि त्याला बाहेरून वेगळा जिना काढून द्यायचा. दोन दुकानं." ताई वर गेली आणि तिने सांगितलं. बाळ म्हणाला, "त्याला सांग, फार उत्तम."

त्या दिवशी ताई जिन्यातच बसून रडली. तिचं सगळं लहानपण या दुकानात, आईच्या शिलाई मशीनखाली गेलं होतं. दुकान दुभंगलं तर भाऊ कायमचे दुभंगणार हे तिला उघड दिसत होतं. मग तिने नाक पुसलं, खाली गेली आणि दादाला म्हणाली, "मला त्या सोमवारपर्यंत वेळ दे. त्याच्या आधीच्या शुक्रवारी नाटकमंडळीचा मोठा माल जायचाय, एकतीस प्राणी. तो बिनचूक गेला तर सुतार रद्द. एक शेपूट जरी चुकलं तरी मी स्वतः सुताराला चहा करून देईन." दादा म्हणाला, त्याला विचार. बाळही हो म्हणाला. दोघांनाही खात्री होती की दुसरा चुकणार.

आता ताईचा बेत काय होता ते सांगायला हवं. ग्रंथालयात तिने तीस वर्षं काळ्या पडद्यासमोर काढली होती. हे चित्रांवर टिचक्या मारणं वगैरे तिला पोरकट वाटायचं. काळी खिडकी उघडावी, आज्ञा टाइप करावी, एंटर मारावं, यंत्राने निमूट ऐकावं. तिच्याकडे एक एक्सएमएल डेटाबेस होता. एक्सएमएल म्हणजे डब्यात डबा, त्या डब्यात आणखी डबी, आणि प्रत्येकावर चिठ्ठी: वस्तू, वस्तूच्या आत नाव, रंग, फळी, आणि सगळ्यात शेवटी शेरा. दुकानातल्या चार हजार तीनशे वस्तू त्यात भरायच्या, म्हणजे कुठलं काय कुठे आहे ते कुणालाही कुणाला न विचारता कळेल.

भरायला तिच्या मदतीला आली वहिनी, म्हणजे दादाची बायको. सगळं दुकान तिला वहिनीच म्हणायचं. सगळ्यात कटकटीचं काम प्राण्यांचं होतं. डोकं वाघाचं की माकडाचं हे कुणीही सांगेल, पण अंगं म्हणजे नुसती करडी, काळी, तपकिरी पोती. त्यात आईने प्रत्येक जोडीला वेगळे हुक लावलेले. एकाचं डोकं दुसऱ्याच्या अंगाला बसायचंच नाही. डोक्यांचे हुक दादाला पाठ, ते हुक ज्यात अडकतात ते अंगांवरचे फासे बाळला पाठ, आणि दोघं बोलत नाहीत. वहिनी तीन आठवडे वर-खाली करत जोड्या जुळवत होती. शेवटी तिचे गुडघे सुजले.

"ताई, ही जोडीची माहिती कुठल्या डब्यात घालू?" तिने विचारलं होतं.

"जे कुठे बसत नाही ते शेऱ्यात घाल," ताईने ऐटीत सांगितलं होतं.

माहिती भरून झाली आणि नवंच घोडं अडलं. दोघांनी एकाच वेळी आपापल्या संगणकावरून त्याच फायली उघडल्या तर सगळ्याचा चिवडा होणार. म्हणून ताईने ठरवलं, सर्व्हर बसवायचा. तिने दोघांना, वेगवेगळं, समजावलं: "एका संगणकाला कपाटापाशी बसवायचं. कपाटात हात घालणार तो एकटाच. तो सर्व्हर. तुम्ही दोघं लांबून विचारायचं, तो काढून देणार. तुम्ही क्लायंट."

"सर्व्हर माझ्याकडे. मी थोरला," दादा म्हणाला.

"म्हणजे मी त्याच्याकडे मागायला जायचं?" बाळ म्हणाला.

"त्याच्याकडे नाही रे, यंत्राकडे."

"यंत्र कुणाच्या मजल्यावर?"

शेवटी सर्व्हर जिन्यात बसवायचं ठरलं. जिना सोळा पायऱ्यांचा, आठवर वळण, तिथे छोटा चौक. बाळने शिलाईची टेप आणून मोजलं, तर चौक दादाच्या बाजूला दोन इंच जवळ निघाला. मग संगणकाचं स्टूल भिंतीकडे दोन इंच सरकवलं, तेव्हा कुठे यंत्राला मान्यता मिळाली.

ताई पायरीवर बसली, काळी खिडकी उघडली, सर्व्हर सुरू करायची आज्ञा दिली. एक ओळ उमटली: सर्व्हर सुरू झाला. पुढे काहीच नाही.

"बिघडला," वरून बाळ म्हणाला.

"बिघडला नाही, वाट बघतोय. कुणी विचारल्याशिवाय तो बोलत नाही. तुम्हा दोघांपेक्षा शहाणा आहे."

मग ती दादाच्या संगणकाशी गेली. तिथे क्लायंट सुरू केला. त्याने नाव विचारलं, मग पासवर्ड. काळ्या खिडकीत पासवर्ड टाइप करताना काही उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. दादाला वाटलं, कळा मेल्या. तो एकेक अक्षर मोठ्याने म्हणत कळ दाबायला लागला. तरी दिसेना म्हणून आणखी मोठ्याने. चौथ्या वेळी तो आत शिरला, पण तोवर त्याचा पासवर्ड वहिनीला, दोन गिऱ्हाइकांना आणि वरच्या मजल्याला पाठ झाला होता.

पहिला आठवडा झकास गेला. दादा विचारायचा, निळा झगा कुठे? पडदा सांगायचा, वर, फळी सहा. ताईचे जिने वाचले, तिचा जीव भांड्यात पडला. क्लायंटमधून नुसतं विचारता येत नाही, लिहिताही येतं, हे तिनेच दोघांना शिकवलं. तिथेच तिची गफलत झाली.

दुसऱ्या आठवड्यात दादाने अस्वलाच्या नोंदीत एक शेरा वाढवला. "याचं डोकं खाली सुखरूप आहे. नेलं नाही हा वरच्याचा दोष." दुसऱ्या दिवशी बाळने अस्वल शोधलं, त्याला हे दिसलं. त्याने खाली शेरा टाकला, "वरच्याला स्वप्न पडत नाही." दादाने त्यावर टाकला. बाळने त्यावर टाकला. बघता बघता अस्वलाच्या पोटात सात महिन्यांचं भांडण साठायला लागलं. कुणी लहानपणी कुणाची पतंग फाडली, कुणी आईच्या आजारपणात किती रात्री जागून काढल्या, सगळं. एकदा बाळने दादाच्या पासवर्डने आत शिरून लिहिलं, "माझं चुकलं. मी मूर्ख आहे. आपला, दादा." दादाने ते वाचलं आणि पाच मिनिटं त्याला कळेना की आपण हे कधी लिहिलं.

सर्व्हरचा एक नियम असतो. एक जण लिहीत असला की दुसऱ्याचं लिखाण तो थांबवून धरतो. पहिल्याचं पुरं झालं की मगच दुसऱ्याचं घेतो. त्यामुळे जन्मात पहिल्यांदाच हे दोघे एकमेकांना वाक्य पुरं करू देत होते. ताईला यातलं काही ठाऊक नव्हतं. खाली-वर कळांचा खडखडाट चालायचा आणि ती म्हणायची, कामाला लागली पोरं.

तिला कळलं ते शुक्रवारी दुपारी दीड वाजता. पाच वाजता नाटकमंडळीच्या व्यवस्थापक बाई टेम्पो घेऊन येणार होत्या. ताईने एकतीस प्राण्यांची यादी छापायला टाकली. मांजर आलं, हरीण आलं, आणि मग अस्वल यायला लागलं ते थांबेचना. चौदा पानं! ताईने एक पान उचललं. "तू आईचा लाडका होतास म्हणून तुला वरचा हवेशीर मजला मिळाला." दुसरं उचललं. "हवेशीर? उन्हाळ्यात ये एकदा इथे, भाजून निघशील."

"अगं बाई," ताई म्हणाली, "हे व्यवस्थापक बाईंच्या हातात पडलं तर उद्या नाटकाऐवजी हेच बसवतील."

तिने छपाई तिथेच थांबवली, निघालेली सगळी पानं टराटरा फाडली आणि ती तरातरा जिन्यात गेली. अस्वलाचे शेरे पुसून टाकायचे, बस. आज्ञा तिला झोपेतही आली असती: आधी वस्तू, त्यात नाव अस्वल, त्यात शेरा, तो पूस. पण ती रागाच्या भरात होती. शेऱ्याच्या आधी दोन तिरप्या रेघा मारल्या की त्याचा अर्थ होतो, जिथे कुठे असेल तिथला. तिने रेघा मारल्या, शेरा लिहिलं, आणि मधलं अस्वल राहूनच गेलं. एंटर.

पडदा म्हणाला, काम झालं, दोनशे बारा मिलिसेकंद.

ताई समाधानाने उठली. खाली येऊन तिने यादी पुन्हा छापली. सुबक दोन पानं आली. अस्वल एका ओळीत. मांजर एका ओळीत. सगळेच एका ओळीत. कुणाच्याच पुढे जोडी नव्हती.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. सगळ्या दुकानातले सगळे शेरे गेले होते, आणि जोड्या शेऱ्यातच होत्या. तिने धावत जाऊन जुनी प्रत शोधली. प्रत होती, पण ती घेतली तेव्हा वरचा मजला भरलाच नव्हता. त्यात नुसती डोकी होती. तीस वर्षं जिने ग्रंथालयातल्या प्रत्येकाला रोज प्रत घ्या म्हणून छळलं, तिने स्वतः एकदाच घेतली होती, आणि तीही अर्धी.

"वहिनी," ती कशीबशी म्हणाली, "जोड्या पुन्हा विचाराव्या लागतील."

वहिनीने यादी बघितली, मग ताईकडे बघितलं. "ताई, तुमचा मान राखून सांगते, मी आता जिना चढणार नाही. माझे गुडघे शेऱ्यात नव्हते, ते अजून जागच्या जागी आहेत आणि दुखतायत."

लपवण्यात अर्थ नव्हता. ताईने चौकात उभं राहून खाली आणि वर, दोन्हीकडे ऐकू जाईल असं सांगून टाकलं. "माझ्या हातून सगळ्या जोड्या पुसल्या गेल्या. चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही. टेम्पो पाचला येणार."

दोघांनाही काय करायचं ते कळत होतं, पण पहिला शब्द कोण काढणार? मग कळा वाजायला लागल्या. दादाने लिहिलं, "माकड. तीन पितळी हुक, डावीकडे एक जास्त." थोड्या वेळाने वरून उत्तर उमटलं, "तपकिरी, फळी दोन." ताईने हात जोडले. पण दोघंही एका बोटाने टाइप करणारे. त्यात एक लिहीत असला की दुसरा अडकायचा. त्यात गाढवापाशी बाळने लिहिलं, "हे अंग तर वर्षापूर्वी परत आलं तेव्हाच उसवलेलं होतं, खालच्याने सांगितलं नाही," आणि दादा त्याला सविस्तर उत्तर द्यायला बसला. पावणेतीन वाजले तेव्हा पाच प्राणी जुळले होते. सव्वीस राहिले होते. ताईने मनात हिशेब केला: या गतीने शेवटचा प्राणी रात्रीच तयार होणार, टेम्पो मात्र पाचला दारात, आणि सोमवारी सुतार.

ती पायरीवर बसून त्या काळ्या खिडकीकडे बघत राहिली. बिचारा सर्व्हर इमानाने इकडचं तिकडे देत होता. गेले सात महिने ती हेच करत आली होती, आणि त्याचा काय उपयोग झाला? मध्ये कुणी तरी आहे तोवर हे दोघे कधीच समोरासमोर येणार नाहीत, हे तिला तेव्हा लख्ख कळलं. तिला भीतीही वाटली. आता बंद केलं आणि तरीही ते बोलले नाहीत, तर सगळंच मुसळ केरात. तिने सर्व्हर थांबवायची आज्ञा टाइप केली, डोळे मिटले आणि एंटर मारलं.

खालची कळ वाजायची थांबली. वरची थांबली.

"ताई! हे काय झालं?" खालून दादा.

"ताई, गेलं वाटतं!" वरून बाळ.

ताईने तोंडावर हात दाबून धरला. घड्याळात दोन मिनिटं गेली, तीन गेली. खाली दादा खाकरला. मग खुर्ची सरकली.

"गेंडा," तो कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला. "चार काळे हुक, एक वाकडा."

वर काहीच नाही.

"अरे गेंडा म्हणतोय मी, बहिरा झालास का?"

"ओरडतोस कशाला! वाकडा म्हणजे आत वाकडा की बाहेर?"

"बाहेर!"

"मग करडं, खिडकीपाशी! घे, टाकतो!"

आणि वरून गेंड्याचं अंग धपकन जिन्यात, ताईच्या डोक्यावर येऊन पडलं. ती थोडा वेळ त्याच्या आत तशीच बसून राहिली. बाहेर आली असती तर तिचं हसू दोघांना दिसलं असतं. पुढचे दोन तास आकाशातून प्राणी पडत होते. हरीण, करकोचा, दोन लांडगे. दादा अर्ध्या जिन्यापर्यंत वर यायचा, बाळ अर्ध्या जिन्यापर्यंत खाली, डोकं अंगाला लावून बघायचे, हुक बसला की दोघं एकदम "बसला!" म्हणायचे. वहिनीने खालून एकेक गोणी बांधली. पाचला दहा मिनिटं कमी असताना अस्वल बांधून झालं, डोक्यासकट. व्यवस्थापक बाई आल्या, एकतीस मोजले, प्रत्येकाची मान हलवून बघितली आणि टेम्पो घेऊन गेल्या.

दादा चौकात आला. "सर्व्हर बंद कसा पडला गं?"

"वीज गेली असेल," ताई म्हणाली.

दादाने डोक्यावरच्या जळत्या दिव्याकडे बघितलं. बाळ वरून दोन पायऱ्या उतरला, पडद्याकडे वाकला. "ताई, इथे लिहिलंय, सर्व्हर थांबवला."

"हो, थांबवला!" ताई कडाडली. "मीच थांबवला. काय म्हणणं आहे? भिंत बघायला मला जगायचं नव्हतं. आईच्या दुकानाला भिंत घालता, लाज नाही वाटत? मला माझे दोन्ही भाऊ हवेत, एकाच जिन्याने भेटणारे!" बोलता बोलता ती हमसून रडायला लागली, आणि तिच्या केसांत गेंड्याचा कापूस अडकलेला होता.

दादाने खिशातून फोन काढला आणि सुताराला लावला. "भिंत नको," तो म्हणाला.

"बाहेरचा जिनापण नको म्हणून सांग!" बाळ ओरडला.

"सांगतोय ना, मला बोलू दे की!"

"मुळात भिंत कुणाच्या डोक्यातून निघाली?"

"मी नुसता बोललो. फार उत्तम कोण म्हणालं?"

फोनवर सुतार हॅलो हॅलो करत राहिला. दोघं ताईच्या दोन्ही अंगांनी उभे राहून, तिच्या डोक्यावरून हातवारे करत भांडत होते. ताईने नाक पुसलं आणि पाय पसरून निवांत बसली. सात महिन्यांत पहिल्यांदाच तिला कुणाचा निरोप कुणाला पोचवायचा नव्हता.